टेम्परेचरचा काटा खोटं बोलतोय की गाडी खरंच तापतेय? जुन्या गाडीचा मीटर तपासायची पद्धत

मे महिन्यातली दुपार, घोडबंदर रोड, गायमुखचा चढ. पुढे कंटेनर, मागे टँकर आणि मधे माझी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगतेय. टेम्परेचरचा काटा बराच वेळ मधल्या खुणेच्या वर होता. अर्ध्या चढावर तो खाली यायला लागला आणि बघता बघता थंडच्या खुणेला जाऊन टेकला. मला हायसं वाटलं. तीन-चार मिनिटांत बॉनेटच्या फटीतून वाफ आली, कूलंटचा (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या द्रवाचा) गोडसर वास आला आणि इंजिनाचा आवाज जड झाला. रेडिएटरचा खालचा होजपाइप क्लिपपाशी फाटला होता. पाणी रस्त्यावर सांडून गेलं होतं आणि ज्या पाण्यात सेन्सर बुडालेला असायला हवा, ते पाणीच तिथे उरलं नव्हतं. कोरड्या पडलेल्या सेन्सरला इंजिनाची उष्णता नीट कळत नाही, म्हणून काटा उतरला होता. हेड गॅसकेट (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांमधलं सील) गेलं, हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला द्यावं लागलं, गाडी दीड महिना उभी राहिली.

ही हकिगत आधी सांगितली, कारण काटा बिघडला की आपण लगेच मीटरच्या मागे लागतो. सेन्सर बदलतो, मग मीटर बदलतो, आणि तापलेलं इंजिन तसंच तापत राहतं. म्हणून पुढच्या सगळ्या कामाचा क्रम एका गोष्टीवर उभा आहे: काट्यावर शंका घ्यायच्या आधी इंजिनाचं खरं तापमान दुसऱ्या साधनाने मोजून घ्यायचं.

मीटरची रचना

जुन्या गाड्यांत तीन प्रकारचे मीटर भेटतात. आपल्या गाडीत कोणता आहे हे न कळता वायरींना हात लावू नका.

पहिला पूर्ण यांत्रिक. मीटरच्या पाठून वायरऐवजी बारीक धातूची नळी निघते आणि थेट इंजिनात बसवलेल्या बल्बपर्यंत जाते. बल्बमध्ये लवकर वाफ होणारा द्रव असतो, बहुधा इथर. तो तापला की नळीतला दाब वाढतो आणि मीटरमधली वक्र नळी सरळ व्हायला बघते, तिच्यामुळे काटा फिरतो. याला बॅटरी लागत नाही. चावी बंद असतानाही गरम इंजिनाचा काटा वरच दिसला, तर हा प्रकार समजा.

दुसरा विजेचा, पण उष्णतेवर चालणारा. आत दोन धातूंची जोडपट्टी असते आणि तिच्यावर तारेचा वेढा. वेढ्यातून करंट गेला की पट्टी तापते, वाकते, काटा हलतो. गरम इंजिनाला चावी फिरवल्यावर काटा सावकाश, पाच-दहा सेकंद घेत वर चढला तर हा. या मीटरच्या बरोबरीने डॅशबोर्डमागे एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. बॅटरीचे बारा-चौदा व्होल्ट तो सरासरी दहावर आणतो.

तिसरा चुंबकीय. दोन कॉइल आणि मधे फिरणारं लोहचुंबक. चावी फिरवताच काटा झटकन जागेवर जातो. याला स्टॅबिलायझर लागत नाही, पण मीटरच्या बॉडीला पक्का अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या धातूतून बॅटरीकडे करंट परतायची वाट) लागतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात इंजिनातला सेन्सर बहुतेक गाड्यांत सारखाच काम करतो. गार असताना त्याचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) जास्त, तापला की कमी. त्याचा एक टर्मिनल वायरीला आणि दुसरं टोक म्हणजे त्याचे स्वतःचे आटे, जे इंजिनाच्या धातूतून अर्थ घेतात. इथे एक धोका लपलेला आहे. अर्थ खराब झाला तर तिथला रेझिस्टन्स सेन्सरच्या रेझिस्टन्समध्ये मिळतो, मीटरला वाटतं इंजिन गार आहे, आणि काटा खऱ्यापेक्षा खाली राहतो. म्हणजे गंजलेली एक पट्टी तुम्हाला खोटा दिलासा देत राहते.

हाताशी काय हवं

साधा डिजिटल मल्टीमीटर, इन्फ्रारेड थर्मामीटर गन, मगर क्लिपा लावलेली दोन-तीन मीटर वायर, ६८ ओहमचा दोन वॅटचा रेझिस्टर, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि स्वयंपाकाला न वापरायचं एक जुनं पातेलं. इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं सामान लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं.

बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय तेही बघून ठेवा. खूप जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत प्लस बॉडीला असायचं. पुढे स्टॅबिलायझरपाशी याचा संबंध येणार आहे.

आधी इंजिन

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीपासून सुरुवात करा. गरम रेडिएटरची कॅप कधीच उघडायची नाही, कापड धरूनसुद्धा नाही. कॅप दाब धरून ठेवते आणि दर पीएसआयला (हे दाबाचं माप) पाण्याचा उकळबिंदू साधारण दीड अंशाने वाढतो. कॅपवर ७ लिहिलं असेल तर आतलं पाणी ११० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कॅप सैल केलीत की दाब सुटतो, त्याच क्षणी ते सगळं उकळून तोंडावर येतं.

गार असताना कॅप काढा, पाणी तोंडापर्यंत आहे का बघा. कमी असेल तर ते गेलं कुठे हे आधी शोधा. होजपाइप दाबून बघा, वॉटर पंपाखालच्या छिद्रातून ओघळ आहे का, फॅन बेल्ट सैल आहे का, ऑइलच्या डिपस्टिकवर दुधट थर आहे का. यातलं काही सापडलं तर मीटरचं काम बाजूला ठेवा.

सगळं ठीक असेल तर थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगवर, शक्य तितकं सेन्सरजवळ, काळ्या इन्सुलेशन टेपचा एक तुकडा चिकटवा. गन चकचकीत धातूवर धरली तर ती खूप कमी आकडा दाखवते, काळ्या टेपवर बरोबर दाखवते. इंजिन चालू करून वीस मिनिटं तापू द्या. फॅन आणि बेल्टपासून हात, ओढणी, शर्टाची बाही लांब ठेवा. टेपवर ८० ते ९५ च्या दरम्यान आकडा स्थिरावला तर इंजिन निरोगी आहे आणि दोष मीटरच्या साखळीत आहे. पृष्ठभागाचं तापमान आतल्या पाण्यापेक्षा काही अंश कमी असतं, तेवढं धरून चाला.

आकडा साठ-पासष्टच्या वर जातच नसेल तर थर्मोस्टॅट आहे का ते बघा. आपल्याकडे कितीतरी मिस्त्री ‘मुंबईच्या गरमीत याची काय गरज’ म्हणून तो काढूनच टाकतात. मला हे अजिबात पटत नाही. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन कामाच्या तापमानाला उशिरा पोचतं किंवा पोचतच नाही, पेट्रोल जास्त जळतं, सिलिंडरची झीज वाढते, आणि पहाटे मोकळ्या हायवेवर काटा अर्ध्यावरही येत नाही. अशा गाडीचा मीटर बिचारा खरं सांगत असतो. जुनी गाडी विकत घेतली असेल तर हाउसिंग उघडून एकदा खात्री कराच.

काट्याच्या वागण्यावरून अंदाज

गार इंजिनाला चावी फिरवताच काटा सरळ गरमच्या टोकाला गेला, तर सेन्सरची वायर कुठेतरी बॉडीला किंवा इंजिनाला टेकलेली असते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या तापट पाइपांजवळ) वायरीचं आवरण वितळून असं होतं.

काटा मुळीच हलत नसेल आणि पेट्रोलचा काटाही मेलेला असेल, तर फ्यूज बघा. फिएट घराण्यातल्या जुन्या गाड्यांत दोन्ही टोकांना निमुळते, पांढरे फ्यूज असतात. ते न जळताही दगा देतात, कारण टोकं आणि पितळी क्लिपा काळ्या पडतात. फ्यूज जागच्या जागी दोनदा फिरवा, क्लिपा पॉलिश पेपरने घासा.

टेम्परेचर आणि पेट्रोल, दोन्ही काटे एकदम जास्त दाखवायला लागले, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर आणखी वर सरकले, तर स्टॅबिलायझर. हेडलाइट किंवा इंडिकेटर लावल्यावर काटा हलला तर अर्थ. खड्ड्यात चाक गेल्यावर उडी मारली तर सैल जोड.

वायर काढून बघायची चाचणी

ही चाचणी दहा मिनिटांची आहे आणि निम्म्याहून अधिक प्रश्न सोडवते. यांत्रिक मीटरला मात्र ती लागू नाही.

इंजिन बंद, चावी चालू. सेन्सरवरची वायर काढा आणि टोक हवेत मोकळं धरा. काटा थंडच्या टोकाला गेला पाहिजे. गेला नाही, गरमकडेच राहिला, तर डॅशबोर्डमागे मीटरच्या टर्मिनलवरून तीच वायर काढा. आता काटा पडला तर मधली वायर शॉर्ट आहे. तरीही तिथेच राहिला तर मीटर गेला.

आता त्या मोकळ्या टोकाला ६८ ओहमचा रेझिस्टर लावून त्याचं दुसरं टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूला धरा. काटा गरम बाजूच्या दिशेने चांगला वर चढला पाहिजे. उष्णतेवर चालणाऱ्या मीटरला अर्धा मिनिट द्या. बरेच जण वायर थेट धातूला टेकवून काटा टोकापर्यंत नेतात. तसं चालतं, पण एक-दोन सेकंदच. जास्त वेळ धरलं तर आतला वेढा जळू शकतो. म्हणून रेझिस्टर बरा.

काटा चढला, तर मीटर, वायर आणि सप्लाय तिन्ही ठीक. दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. काटा हललाच नाही, तर हेच मीटरच्या टर्मिनलवर करा. तिथे हलला तर मधली वायर तुटलेली आहे. तिथेही नाही, तर मीटरला सप्लाय येतोय का ते मल्टीमीटरने बघा.

अर्थ, म्हणजे खरं दुखणं

आपल्या हवेत मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो. ठाण्याला खाडी लागून आहे, पावसाळ्याचे चार महिने सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडी भिजते, आणि तांब्याच्या पट्टीवर हिरवट थर चढतो. गायमुखनंतर इंजिन बांधून आलं तेव्हा माझा काटा चौथाई खूण ओलांडत नव्हता. गॅरेजमध्ये दोनदा सेन्सर बदलला गेला, फरक शून्य. शेवटी रविवारी सकाळी मीच गाडीखाली गेलो. गिअरबॉक्सपासून चॅसीला जाणारी विणलेली पट्टी वरून धडधाकट दिसत होती. बोल्ट सोडवला तर पट्टीच्या डोळ्याखाली तपकिरी पापुद्रा, आणि विणीतल्या तारा बोटाने चुरल्यावर हिरवी पूड होऊन हातात आल्या. पाच-सहा धागे जेमतेम शाबूत होते.

तपासणी अशी करा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर, दुसरा थेट बॅटरीच्या त्या खांबावर जो बॉडीला जोडलाय. क्लॅम्पवर नको, खांबावरच. इंजिन चालू, हेडलाइट चालू. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर मगर क्लिपांची जाड वायर किंवा जंपर केबल बॅटरीच्या खांबापासून ब्लॉकला जोडा आणि काट्याकडे बघा. काटा वर सरकला तर गुन्हेगार सापडला.

दुरुस्तीत नुसता बोल्ट आवळून भागत नाही. पट्टी काढा, चॅसीवरचा रंग आणि गंज चकाकी येईपर्यंत घासा, पट्टी नवी घाला, दातेरी वायसर वापरा, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस लावा. जीर्ण पट्टीने स्टार्टर मारत राहू नका. स्टार्टरचा करंट मग चोक आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि त्या केबल लाल होऊन जळतात.

अर्थचा दुसरा भाग खुद्द सेन्सरचे आटे. गळती थांबावी म्हणून त्यांच्यावर टेफ्लॉन टेपचे जाड वेढे दिलेले असतात, आणि अर्थ तिथेच तुटतो. मल्टीमीटर ओहमवर ठेवून सेन्सरच्या षटकोनी भागापासून ब्लॉकपर्यंत मोजा. जवळपास शून्य यायला हवं. तांब्याचा वायसर चांगला असेल तर टेप लागतच नाही.

सेन्सरची पातेल्यातली परीक्षा

सेन्सर काढताना इंजिन गार हवं आणि रेडिएटरच्या खालच्या नळातून एक-दोन लिटर पाणी बादलीत काढून घ्यायचं. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर जोर करू नका. गंजतेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी योग्य मापाच्या बॉक्स पान्याने सोडवा. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी. पार्किंगमध्ये सांडलेलं तसंच सोडू नका, सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात.

पातेल्यात पाणी घ्या, सेन्सर फक्त आट्यांपर्यंत बुडेल असा तारेला टांगा, तळाला टेकवू नका. एक क्लिप टर्मिनलला, एक बॉडीला, मल्टीमीटर ओहमवर. पाण्यात थर्मामीटर. मंद आचेवर ठेवा आणि दर दहा अंशांनी आकडा लिहा. आपण समुद्रसपाटीला आहोत, म्हणून उकळतं पाणी म्हणजे १०० अंश हे थर्मामीटरशिवायही पक्कं धरता येतं.

आकडा सलग, न अडखळता उतरला पाहिजे. प्रत्येक मेकचे आकडे वेगळे, पण गार पाण्यात काही शे ओहम आणि नव्वदीत त्याचा आठवा-दहावा हिस्सा, एवढी उतरण साधारण दिसते. मधेच उडी मारली, अनंत दाखवलं किंवा गरम-गार एकच आकडा राहिला तर सेन्सर बाद. गार असताना अनंत आणि तापल्यावर एकदम शून्य दाखवत असेल, तर तो सेन्सरच नाही, धोक्याचा दिवा लावणारा स्विच आहे. आटे सारखे असल्याने दुकानात अशी अदलाबदल होते.

नवा सेन्सर घेताना आटे जुळले म्हणून समाधान मानू नका. दुसऱ्या गाडीचा सेन्सर व्यवस्थित बसतो, पण त्याच्या ओहमची उतरण वेगळी असल्याने काटा कायम पंधरा-वीस अंश चुकतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांची दुकानं आहेत. जाताना मल्टीमीटर खिशात ठेवा आणि काउंटरवरच गार रेझिस्टन्स मोजून आपल्या जुन्याशी ताडा. कुर्ल्यातच बनलेल्या पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या, त्यामुळे खात्रीचा माल दिसला की मी एक जास्तीचा घेऊन ठेवतो.

स्टॅबिलायझर आणि मीटर

जुना स्टॅबिलायझर आतली पट्टी तापून-निवून सप्लाय जोडतो-तोडतो. डिजिटल मल्टीमीटरवर त्याचं आउटपुट सारखं शून्य आणि बारामध्ये उड्या मारताना दिसलं तर ते बरोबर आहे. एकसारखे बारा दिसले तर पट्टी चिकटली आहे किंवा स्टॅबिलायझरच्या डबीला अर्थ नाही. शून्यच राहिलं तर तो गेला. त्याऐवजी ७८१० ही रेग्युलेटर आयसी बसवता येते. इनपुटला बारा, मधला पाय अर्थ, आउटपुटला दहा, इनपुटपाशी ०.३३ आणि आउटपुटपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पत्र्याच्या तुकड्यावर स्क्रूने बसवा म्हणजे तापणार नाही. प्लस बॉडीला असलेल्या गाडीत ही आयसी चालत नाही.

मीटर स्वतः क्वचित जातो. गेला तर उघडून काट्याला ढकलाढकल करू नका. यांत्रिक मीटरचा बल्ब गरम पाण्यात बुडवून काटा हलतो का बघा. नाही हलला तर द्रव उडून गेलाय, तो संच तज्ज्ञाकडूनच भरून घ्यावा लागतो. त्या नळीला पीळ किंवा तीव्र वळण कधीच देऊ नका. नट फिरवताना नळी सोबत फिरत नाही ना, याकडे डोळा ठेवा.

पाणी भरणं आणि शेवटची फेरी

सगळं परत बसवल्यावर हीटरचा नळ असेल तर उघडा, कॅप काढूनच गार इंजिन चालू करा आणि हळूहळू कूलंट भरा. बुडबुडे थांबेपर्यंत घाई नको. हवेचा फुगा सेन्सरपाशी अडकला तर गायमुखला जे झालं तेच पुन्हा, भरलेल्या रेडिएटरवर. होजपाइप तापायला लागला आणि पातळी स्थिर राहिली की कॅप लावा.

मग एखाद्या रविवारी सकाळी लवकर माजिवड्याहून गायमुखपर्यंत जाऊन या. काळी टेप तशीच ठेवा. मधे दोन-तीनदा सुरक्षित जागी थांबा, बॉनेट उघडून टेपचा आकडा घ्या आणि त्या वेळी काटा कुठे होता ते कागदावर काढा. कंपनीच्या खुणांपेक्षा हा कागद उपयोगी. माझ्या गाडीत टेपवर ८२ असताना काटा मधल्या रेषेच्या किंचित अलीकडे, ९० ला बरोबर रेषेवर आणि ९८ ला पुढच्या जाड खुणेला असतो. कागद सन व्हायझरमागे खोचलाय. मुलगी गाडी नेते तेव्हा काटा जाड खुणेला टेकला, किंवा चढावर विनाकारण खाली आला, तरी ती गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करते.